थापेच्या आधीची ‘फस्स’

प्रश्न : बाबांचा तबला घरी रेकॉर्ड करून १२८ केबीपीएस एमपी३ केला. प्रत्येक थापेच्या किंचित आधी ‘फस्स’ येतं. माइक बिघडला का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दादा, आधी मूळ वेव्ह फाइल, म्हणजे एमपी३ करण्याआधीचं न आकसलेलं रेकॉर्डिंग, ऐका. तिच्यात ‘फस्स’ नसेल तर माइक निर्दोष आहे. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. तुमचे १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट; तुम्ही अकरावा हिस्सा ठेवलात. मोठ्या आवाजाखाली दबलेलं कानाला कळत नाही, म्हणून एमपी३ ते ढोबळ नोंदवतं. पण हा ढोबळपणा अख्ख्या ब्लॉकभर, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या आवाजाच्या छोट्या तुकड्याभर, पसरतो, थापेआधीच्या शांततेतही. थापेनंतर कान शंभरेक मिलिसेकंद झाकलेला राहतो, बारीक आवाज टिपत नाही. थापेआधी मात्र मोजकेच मिलिसेकंद. म्हणून तबल्यात हे उघडं पडतं, सलग वाजणाऱ्या तानपुऱ्यात नाही. सीताबर्डीच्या माझ्या स्टुडिओत मी तबला २५६ केबीपीएसच्या खाली उतरवतच नाही. आणि मूळ फाइल पुसू नका हो, बाबांचा हात आहे तो.