मधले २५ सेकंद

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या त्या मुलीकडून तू तिसऱ्यांदा हरलीस आणि रात्री मेसेज केलास, ‘सर, ती मनानं खंबीर आहे, मी नाही.’ हे मला फार लागलं. खंबीरपणा कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही गं. टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मधे जे २५ सेकंद मिळतात, त्यांत तो कमवावा लागतो. त्या २५ सेकंदांत तू काय करतेस? गेलेला पॉइंट पुन्हा खेळतेस. मी पाहतो ना!

२०१९ ची विम्बल्डन फायनल आठव. फेडररचे २१८ पॉइंट, जोकोविचचे २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची; म्हणजे आणखी एकच पॉइंट, की कप त्याचा. तरी कप जोकोविचनं नेला. बरोबरीतला सेट सोडवणारे तिन्ही टायब्रेक त्याचे. फेडररनं पुढे स्वतःच सांगितलं, कारकिर्दीत जवळपास ८० टक्के सामने जिंकले, पण पॉइंट ५४ टक्केच. त्याचेही जवळजवळ अर्धे गेले, आणि तू एका डबल फॉल्टचं, दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेल्या एका पॉइंटचं, सुतक किती वेळ धरणार?

मी धरलं होतं. मातीचं कोर्ट, जिल्ह्याची फायनल, मी ५-२ नं पुढे. माझा चेंडू लाइनवर पडला, पांढरी भुकटी उडाली, आणि अंपायरनं आउट दिला. पुढचा तासभर मी त्या एका चेंडूशीच भांडत राहिलो. सामना गेला. सांगलीवाडीला घरी जाताना आयर्विन पुलावर सायकल थांबवून रडलो. साठी उलटली, चेंडू आत होता हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तो तास कुणी परत देत नाही.

म्हणून सरावात मी मुद्दाम चुकीचे कॉल देतो. तुझ्या आईला ते आवडत नाही, ठाऊक आहे. देत राहणार. मला तेव्हा सरावात कुणी दिले नाहीत.

आणि त्या मुलीचा राग करू नकोस. २०२५ मध्ये पॅरिसला फ्रेंच ओपनच्या फायनलमध्ये सिनरच्या हातात तीन चॅम्पियनशिप पॉइंट होते, एक जिंकला तरी कप त्याचा. अल्काराझनं तिन्ही हिसकावले, ५ तास २९ मिनिटांनी सामनाही. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या फायनलला समोर पुन्हा अल्काराझच. पहिला सेट गेला. सिनरनं पुढचे तिन्ही घेतले.

उद्या सहाला ये. पॉइंट गेला की पाठ फिरव, रॅकेटच्या तारा सरळ कर, पुढची सर्व्हिस कुठे टाकायची एवढंच ठरव. मी २५ मोजत उभा राहीन.

तुझे सर