निवड दिली, तर मूल डोक्यावर बसेल का?

‘प्रत्येक गोष्ट विचारून केली, तर उद्या हा आमच्या डोक्यावर बसेल,’ ही शंका बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे पालक नेहमी बोलून दाखवतात. सतरा वर्षांच्या एका मुलाच्या आईलाही हीच धास्ती होती. मुलाला मोजकेच शब्द येत. आंघोळीची वेळ झाली की तो बादली लाथाडायचा आणि स्वतःच्या मनगटाला चावायचा. काही दुखतखुपत नसल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावर मी त्याचा दिनक्रम लिहून मागवला, तेव्हा साबणापासून झोपेच्या वेळेपर्यंत दिवसातली एकही गोष्ट तो स्वतः ठरवत नसल्याचे दिसले.

‘आंघोळ करायची का?’ असे विचारूच नका, असे मी आईला सांगितले, कारण त्याचे ‘नाही’ आपण मान्य करणार नसतो. आंघोळ ठरलेलीच, पण आधी दात घासायचे की आधी आंघोळ, चंदनाचा साबण की लिंबाचा, हे त्याने ठरवायचे. दोन्ही साबण समोर धरायचे, त्याची नजर किंवा हात एकाकडे जाईपर्यंत न बोलता थांबायचे आणि निवडलेला लगेच हाती द्यायचा. तो नेहमी उजव्या हातातलाच साबण घेतो, असे आईने कळवले (या बारीक निरीक्षणाचे मला कौतुक वाटले). ती निवड नसून सवय असू शकते, म्हणून साबणांच्या जागा बदलून पाहिल्या, तेव्हा काही दिवसांनी लिंबाचा साबण कोणत्याही हातात असला, तरी तोच उचलला जाऊ लागला.

दोन्ही नाकारले तर काय, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. थोडे थांबून तेच दोन पुन्हा दाखवावेत आणि तरीही नको असेल, तर आजचा साबण आई ठरवेल, असे शांतपणे सांगून पुढे जावे. आरडाओरडा सुरू झाल्यावर मात्र नवा पर्याय पुढे करू नये. ओरडले की मिळते, हेच तो त्यातून शिकेल.

चावणे एकदम थांबले नाही, हळूहळू कमी झाले. डोक्यावर बसणे तर दूरच, सांगितलेले ऐकण्याची त्याची तयारी वाढली. शिवाय तो लवकरच सज्ञान होईल आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच स्वतःची निवड स्वतः करण्याचे स्वातंत्र्य नमूद आहे, हेही मी पालकांच्या लक्षात आणून दिले.

केस कापणे अजून जमलेले नाही. तिथे मशीनचा आवाजच त्याला सहन होत नसावा आणि पर्याय देऊन ते भागणार नाही, म्हणून त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवले आहे.