खाडीतल्या पाण्यातला कॉलरा

प्रश्न: खाडीच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू कायम असतात म्हणे. मग साथ कायम का नसते?

उत्तर: कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, मुळात निमखाऱ्या पाण्यातलाच रहिवासी. त्याचे दोनशेहून अधिक सिरोगट (पृष्ठभागावरच्या रेणूंवरून पाडलेले गट) आहेत, पण मोठ्या साथी आणल्या त्या ओ१ आणि ओ१३९ या दोघांनीच. पाण्यात सापडणाऱ्या बाकीच्या बहुतेकांकडे विषाचे जनुकच नसते. गंमत म्हणजे हे जनुक मूळचे जिवाणूचे नव्हेच. ते सीटीएक्स नावाच्या फाजचे, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचे. वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी १९९६ मध्ये दाखवले की हा फाज जिवाणूच्या टीसीपी या केसासारख्या तंतूला धरून आत शिरतो. आतड्यात ठाण मांडायलाही जिवाणूला हाच तंतू लागतो. शिवाय जठरातले आम्ल बहुतेक जिवाणू मारून टाकते, त्यामुळे धडधाकट माणसाला पाडायला ते फार मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात.

प्रश्न: साडीतून गाळलेले पाणी चालते का? जिवाणू तर कापडातून सहज जातील.

उत्तर: सुटे जिवाणू जातातच. पण पाण्यातले बरेचसे व्हिब्रिओ कोपेपॉडसारख्या सूक्ष्म प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या जिवांच्या, कायटिनच्या कवचाला चिकटून असतात, आणि प्लवक अडकले की तेही अडकतात. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी किमान चार घड्या घालून वापरली तर तिची छिद्रे साधारण २० मायक्रोमीटरवर येतात. नवी साडी तितकी उपयोगाची नाही, कारण धुऊन धुऊन तंतू सुटतात तेव्हाच भोके भरतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात हा प्रयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. गाळल्यावर कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. इंधन असेल तर मात्र पाणी उकळाच, गाळणे हा नाइलाजाचा उपाय.

प्रश्न: प्रकल्पासाठी खाडीचे पाणी थेट टीसीबीएसवर, म्हणजे व्हिब्रिओ वाढवण्याच्या खास माध्यमावर, पसरले. एकही पिवळी वसाहत (जिवाणूंचा ठिपका) नाही. काय चुकले?

उत्तर: थेट पसरणे चुकले. संख्या कमी असते, म्हणून आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये वाढवा: १ टक्का पेप्टोन, १ टक्का मीठ, पीएच ८.६. ३७ अंशांवर ६ ते ८ तास ठेवा आणि नळी न हलवता वरच्या साईतूनच लूप (तारेचे कडे) भरा, कारण हा जिवाणू हवेसाठी वर येतो. रात्रभर ठेवलेत तर इतर जिवाणू त्याला दाबून टाकतात. टीसीबीएस ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, फक्त उकळा. नमुना बर्फात ठेवला होता का, तेही आठवा. गारठ्यात आणि उपासमारीत हे जिवाणू जिवंत राहूनही ताटलीवर वाढत नाहीत.

पिवळी वसाहत मिळाली तरी जिवाणू ओळखण्याची ऑक्सिडेज या विकराची चाचणी तिच्यावर थेट नको. टीसीबीएसमधल्या सुक्रोज साखरेपासून झालेल्या आम्लाने निकाल फसतो, आधी साध्या न्यूट्रिएंट अगारवर उतरवा. आणि पिवळी म्हणजे कॉलऱ्याचीच असेही नाही, व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही पिवळाच दिसतो. विष आहे की नाही ते सीटीएक्सए या विषाच्या जनुकाच्या पीसीआरनेच कळेल.