अमेरिकेतल्या सरकारी खात्याचं मेनफ्रेम वेबवर न्यायचं आहे. कोबोलचं जावा करून भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका राज्याच्या बेरोजगारी भत्ता खात्याची मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) चालणारी, कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली प्रणाली वेबवर आणायचं काम पुण्यातल्या तुमच्या टीमकडे आलंय. कोबोलचं जावा या नव्या भाषेत आपोआप रूपांतर करणारं टूल घेतलं तर दीड वर्षात काम उरकेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

मी याच प्रकारच्या कामात बरीच वर्षं आहे, आधी मेनफ्रेमच्या बाजूने, नंतर वेबच्या. टूल तुम्हाला कोड बदलून देईल. आमच्याकडे त्या कोडला 'जोबोल' म्हणतात: जावात लिहिलेलं कोबोल, जे ना जुन्या माणसाला वाचता येतं ना नव्याला. आणि दीड वर्षाचा अंदाज मी तरी मान्य करणार नाही. का, ते सांगतो.

आधी एक समज दूर करू. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीची हाक दिली, आणि 'जुनी भाषा, म्हणून यंत्रणा कोसळली' हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रत्यक्षात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देशभरातून बेरोजगारी भत्त्याचे ६० लाखांहून जास्त नवे अर्ज आले होते. करोनाआधीचा आठवड्याचा उच्चांक १९८२ मधला, तोही सात लाखांच्या आत. त्यातच २७ मार्चच्या केअर्स कायद्याने आठवड्याला ६०० डॉलर जादा भत्ता आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी वेगळी योजना आणली. म्हणजे लोंढा आलेला असतानाच नियमही बदलले. फ्लोरिडाची प्रणाली तर २०१३ मध्ये मेनफ्रेमवरून वेबवर आलेली होती, तीही त्याच काळात कोलमडली. लाखो नोंदींची रात्रीची बॅच (एकगठ्ठा प्रक्रिया) चालवण्यात कोबोल आजही दमदार आहे. खरी अडचण ही की नियम बदलायचा झाला तर नेमका कुठे हात घालायचा, हे सांगणारी माणसं निवृत्त झाली.

तुमच्या कामाचा गाभा हे नियमच आहेत. भत्ता ठरवताना बहुतेक राज्यं 'बेस पीरियड' पाहतात: अर्जाआधी पूर्ण झालेल्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार. त्यात पगार पुरेसा भरला नाही, तर अनेक राज्यांत अलीकडच्या चार तिमाह्या धरून पुन्हा हिशेब होतो. एवढं कायद्यात असतं, शोधलं की सापडतं. पण माणसाने दोन राज्यांत नोकरी केली असेल, मालकाने तिमाहीचा अहवाल उशिरा दिला असेल, मधेच अपिलात जुना निर्णय फिरला असेल, तर काय करायचं याची उत्तरं कोडच्या पोटात असतात. कधीतरी एखाद्या निकालामुळे घातलेली चार ओळींची अट असते आणि तिच्यावर कॉमेंट एवढीच: 'विनंतीनुसार बदल'.

मी काम केलेल्या एका खात्यात कॉपीबुकाच्या (नोंदीतल्या रकान्यांच्या आराखड्याच्या) शेवटी 'फिलर' म्हणून तीन अक्षरांची मोकळी जागा होती. फक्त एका बॅच प्रोग्रामने ती रिडिफाइन करून, म्हणजे त्याच जागेला दुसरा रकाना मानून, वाचली होती, आणि पहिल्या अक्षरात ९ असला तर त्या माणसाचे पैसे निघत नसत. कुठल्याच कागदावर याचा उल्लेख नव्हता. निवृत्तीला आलेल्या एका बाईंनी सांगितलं की मालकाने हरकत घेतलेली प्रकरणं थांबवून ठेवायला त्यांच्या आधीच्या सुपरवायझरने ही खूण सुरू केली होती. टूलने तो प्रोग्राम इमानेइतबारे जावात आणलाही असता. पण नव्या स्क्रीनवर 'फिलर' नावाचा रकाना कोण ठेवणार? खूण करायची जागाच गेली असती आणि वादातले पैसे सरळ वाटले गेले असते.

डेटावर वेळापत्रक सर्वांत जास्त घसरतं. मेनफ्रेमवर रकमा बहुधा कॉम्प-३ प्रकारात असतात: एका बाइटमध्ये दोन अंक, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. १२३.४५ डॉलर ही रक्कम हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) '१२ ३४ ५सी' अशी दिसते. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. दशांशचिन्ह साठवलेलंच नसतं, ते कॉपीबुकावरून कळतं. आता कुणी अख्खी फाइल मजकूर समजून एब्सिडिक या मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतातून अ‍ॅस्की या नेहमीच्या संकेतात बदलली, तर ५सी हा बाइट तारांकन समजला जातो आणि त्याचा २ए होतो. रकमेचा शेवटचा अंक आणि चिन्ह, दोन्ही गेली. फाइल मात्र उघडते, नोंदींची संख्याही जुळते, म्हणून पहिल्या तपासणीत कुणाच्या लक्षात येत नाही.

पूर्णांकनाचंही तसंच. कोबोलमध्ये 'राउंडेड' लिहिलं नसेल तर जादा दशांश कापले जातात, आणि अनेक राज्यांत साप्ताहिक भत्ता खालच्या पूर्ण डॉलरवर आणतात. जावात कुणी 'डबल' हा दशांश अंदाजे साठवणारा प्रकार वापरला, तर ३१२ यायचं तिथे ३११.९९९९ येऊ शकतं आणि भत्ता होतो ३११. एका माणसाचा आठवड्याला एक डॉलर, पण तो कायद्याने त्याचा आहे. रकमांसाठी दशांश अचूक ठेवणारा 'बिगडेसिमल' प्रकारच वापरा, यात तडजोड नको. तारखाही तपासा. वाय-टू-केच्या, म्हणजे सन २००० च्या तारखा दुरुस्त करायच्या, घाईत, त्यातलं बरंचसं काम पुण्या-मुंबईतल्या आपल्याच लोकांनी केलं, दोन आकडी वर्षांना 'खिडकी' बसवली गेली: ५० च्या खालचं वर्ष २००० नंतरचं, बाकीची १९०० ची. नोकरीच्या तारखांना ते चालतं. जन्मतारखेला लावलं तर १९४८ साली जन्मलेला अर्जदार २०४८ चा होतो.

मिशिगनचं प्रकरण तुमच्या टीममधल्या प्रत्येकाने नीट वाचावं, अगदी टेस्टिंगच्या नव्या मुलानेही. त्या राज्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये जुनं मेनफ्रेम काढून 'मिडास' ही प्रणाली आणली. मालकाने दिलेली माहिती आणि अर्जदाराची माहिती यांत तफावत दिसली की ती फसवणुकीचं प्रकरण उभं करायची. प्रश्नावली अनेकदा अर्जदाराच्या ऑनलाइन खात्यात पडायची. भत्ता कधीच बंद झालेला, मग ते खातं कोण उघडून बघणार? मुदतीत उत्तर आलं नाही की गुन्हा सिद्ध धरला जायचा आणि रकमेच्या चौपट दंड लागायचा. पगारातून कपात झाली, करपरतावे जप्त झाले. सुमारे ४०,००० लोकांवर खोटा ठपका आला. माणसाचा हात न लागता निकाली निघालेली २२,००० हून अधिक प्रकरणं राज्याने पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली ९३ टक्के चुकीची निघाली. २०२२ मध्ये राज्याने दोन कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तोवर कुणाचं घर गेलं होतं, कुणी दिवाळखोरीत गेलं होतं. तिथे सर्व्हर बंद पडला नव्हता. माणूस जिथे थांबून विचार करत होता, ती जागाच नव्या रचनेत काढून टाकली गेली होती. तुमच्या आराखड्यात असा प्रत्येक थांबा लाल रंगात दाखवा, आणि तो काढायचा असेल तर खात्याच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्या.

स्क्रीनबद्दल. मेनफ्रेमचा २४ ओळी, ८० अक्षरांचा तो पडदा आपल्याला ओबडधोबड वाटतो. पण जुनी क्लार्क माणसं पडद्याकडे न बघता कोड टाकतात, फंक्शन की दाबतात आणि अर्जदाराशी फोनवर बोलता बोलता तीन पडदे पार करतात. त्यांना माउसने उघडायच्या ड्रॉपडाउन दिल्या तर रांग वाढेल. कीबोर्डवरून सगळं चालायला हवं, ही अट पहिल्या दिवसापासून घाला.

बाहेर जाणाऱ्या फाइल्सची यादीही लवकर करा. भत्त्यातून मुलांच्या पोटगीची कपात होते आणि त्याची फाइल दुसऱ्या खात्याला जाते. ती एका रात्री चुकली तर कुठल्यातरी आईच्या खात्यात त्या आठवड्यात पैसे येत नाहीत.

पद्धत म्हणाल तर एका रात्रीत सगळं बदलू नका. झाडावर रुजलेला वड जसा हळूहळू मूळ झाडाची जागा घेतो, तसं करा. या पद्धतीचं नावही 'स्ट्रँगलर फिग' असंच आहे. आधी फक्त माहिती बघायची स्क्रीन वेबवर आणा, मग मालकांचे पगार अहवाल, मग नवे अर्ज, आणि वादाचे निर्णय सर्वांत शेवटी. या मधल्या काळात प्रत्येक नोंदीचा मालक एकच असू द्या, जुनी प्रणाली किंवा नवी. दोन्हीकडून लिहायला मुभा दिली की कुठली रक्कम खरी, हे शोधण्यात महिने जातात.

आता दीड वर्षाचा मुद्दा. दोन्ही प्रणाली समांतर चालवून निकाल सेंटापर्यंत जुळवावे लागतात. त्यात तिमाही बदलण्याची वेळ यायला हवी, कारण बेस पीरियड तेव्हाच सरकतो. अर्जदाराचं भत्तावर्ष, म्हणजे एका अर्जावर भत्ता मिळण्याचं वर्ष, संपून दुसरं सुरू होण्याची वेळ यायला हवी. आणि जानेवारीही, कारण ३१ जानेवारीपर्यंत १०९९-जी हा कराचा फॉर्म प्रत्येकाला पोचवायचा असतो. म्हणजे निव्वळ समांतर चाचणीलाच वर्षभर गेलं.

सुरुवात कुठून, तर पहिल्या महिन्यात तुमची दोन माणसं त्या कार्यालयात क्लार्कच्या शेजारी बसवा. पुण्यातून कॉलवर हे कळत नाही. त्यांच्याकडून अवघड ठरलेली खरी प्रकरणं गोळा करा, नावं काढून टाका, आणि तोच तुमचा चाचणीसंच करा. समांतर चाचणीत फरक निघाला की नवी प्रणाली चुकली असं लगेच धरू नका. कायदा काय म्हणतो ते खात्याच्या वकिलांकडून लेखी घ्या. कधीकधी चूक जुन्याच प्रणालीची निघते, वर्षानुवर्षांची. तेव्हा ज्यांना कमी पैसे मिळाले त्यांची यादी काढून खात्याकडे सोपवा. तुमच्या करारात ते काम लिहिलेलं नसेल, तरीही.