शनिवार-रविवार घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत मजेत कसा घालवावा? मॉल आणि हॉटेलचा कंटाळा आलाय.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शनिवारी मॉल, रविवारी हॉटेल, तिथं पाऊण तास नंबराची वाट, आणि टेबल मिळालं की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. वाचून हसू आलं, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी आमचंही अगदी हेच चाललं होतं. बाराही महिने काय करावं ते मला सांगता येणार नाही. पण थंडीतल्या दोन-तीन शनिवारांचं मी नक्की सांगू शकतो, कारण आमच्या घरात उरलेलं वर्ष त्यांच्याच गप्पांवर निघतं.

आम्ही डोंबिवलीचे. माझी सासुरवाडी रायगडात, पोयनाडजवळच्या एका लहानशा गावात. (सासरे अजूनही ‘कुलाबा जिल्हा’च म्हणतात. १९८१ साली जिल्ह्याचं नाव बदललं, पण ते त्यांनी काही मनावर घेतलेलं नाही.) लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं मी तिथं गेलो की जावई म्हणून खुर्चीत बसायचो, चहा प्यायचो, झोपायचो आणि रविवारी दुपारी परत यायचो. एका जानेवारीत सासरे म्हणाले, “जावईबापू, आज पोपटी लावायचीय. उठा, पाला आणायला चला.” तो माझा खुर्चीतला शेवटचा दिवस.

पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं पालथं घालायचं आणि भोवती जाळ करून आतल्या आत शिजवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. भात कापून झाला की शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात, पुढे त्याला पडणारं दव पुरतं. डिसेंबर संपता संपता शेंगा भरायला लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत मिळतात. दाणा टच्च भरलेला हवा, पण शेंग हिरवीच हवी. फार कोवळी घेतली तर आत नुसता लगदा होतो, जून झाली तर दाताखाली दाणा करकरतो. पहिल्या वर्षी मी बाजारातून पिवळट पडलेल्या शेंगा पाच किलो उचलून आणल्या होत्या. सासूबाईंनी पिशवीत नुसतं डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “या बी धरायच्या.” त्या पाच किलोचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भांबुर्ड्याचा पाला. पोपटीची सगळी मेख तिथं आहे. हे बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवणारं तण. पानं लुसलुशीत, जरा लवदार, आणि चुरगळली की ओव्याच्या जवळ जाणारा पण त्याहून रानवट असा उग्र वास. शेंगांना वाफ मिळते ती या पाल्याच्या ओलाव्यातून, आणि वासही त्याचाच लागतो. हा पाला न घालता केलेली पोपटी मी एकदा पनवेलच्या बाजूला एका रिसॉर्टवर खाल्ली. ‘पोपटी नाइट’ म्हणून माणशी बरेच पैसे घेतले होते. आत कोबीची पानं होती. शेंगा शिजल्या होत्या, एवढंच म्हणेन.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध काय, तर हे काम एकट्यादुकट्याचं नाही. आम्ही साधारण चौदा-पंधरा माणसं असतो: सासरची मंडळी, माझी आई, माझ्या ऑफिसातले दोघं-तिघं आपापल्या बायकापोरांसह. प्रत्येकाच्या हाताला काम लागतं आणि ते काम खोटं नसतं. पोरं पाला खुडून आणतात. दोघी-तिघी शेंगा निवडतात, किडकी शेंग बाजूला. कोणी बटाटे-रताळी धुतं, त्यांना चीर देऊन मीठमसाला भरतं. कोंबडीचे तुकडे आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद आणि घरचा मसाला लावून दुपारीच ठेवून दिलेले असतात, ते केळीच्या पानात बांधायचं काम माझ्या मेव्हण्याकडे. शेणी, पेंढा, सुकी लाकडं गोळा करायला आम्ही ऑफिसवाले, कारण आमच्यावर यापलीकडे कोणी विश्वास टाकत नाही. पाच वाजता सुरू झालेलं हे साडेसात-आठपर्यंत चालतं. मोबाइल असतात सगळ्यांच्या खिशात, पण हाताला शेणाचा नाही तर मसाल्याचा वास असतो. काढणार कोण?

मडकं भरणं मात्र सासऱ्यांचंच. तळाला पाल्याचा जाड थर. वर दोन ओंजळी शेंगा, त्यावर जाडं मीठ आणि हाताने चोळलेला ओवा. पुन्हा शेंगा. मधोमध केळीच्या पानातली कोंबडी, तिच्या कडेने बटाटे आणि अख्खी कच्ची अंडी. त्यावर परत शेंगा, मीठ, ओवा. शेवटी तोंडाशी पाला असा ठासून कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. ते खरंच उलटं करून दाखवतात, दरवर्षी, आणि दरवर्षी पोरं “पडलं! पडलं!” म्हणून ओरडतात. मग कापणी झालेल्या शेतात धसकटं साफ करून जागा केलेली असते, तिथं मडकं पालथं घालायचं, चारी बाजूंनी शेणी आणि लाकडं रचायची, वरून पेंढा, आणि काडी लावायची.

आमच्याकडे मडकी दोन लागतात. माझी आई शनिवार पाळते. तिच्या मडक्यात फक्त शेंगा, बटाटे, रताळी, छोटी वांगी आणि मिळालं तर कोनफळ. पहिल्या वर्षी ओळखायला म्हणून तिच्या मडक्यावर मी चुन्याची फुली काढली. अर्ध्या तासाने दोन्ही मडकी सारखीच काळी ठिक्कर. फुली कुठली नि काय कुठलं! आई लांब खाटेवर बसून शांतपणे म्हणाली, “मी केळं खाईन हो.” शेवटी सासूबाईंनी दोन्हींच्या जवळ जाऊन वास घेतला आणि बोट दाखवलं. बरोबर निघालं. तेव्हापासून नियम असा की आईचं मडकं विहिरीच्या बाजूला, आमचं आंब्याच्या बाजूला, आणि मधल्या वेळात कोणीही शहाणपणा करून काही हलवायचं नाही.

शिजायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि खरी मजा या अर्ध्या-पाऊण तासात आहे. करण्यासारखं काहीच नसतं. तोंडाला धग, पाठीला गार वारा, दव पडायला लागलेलं. सासरे भुताच्या गोष्टी सांगतात, त्यातली भुतं गावातल्याच ओळखीच्या माणसांसारखी वागतात, एकाला तर विडी लागते. माझा मेव्हणा आणि माझा ऑफिसातला एक मित्र, ज्यांची एरवी कधी गाठ पडायचं कारण नव्हतं, ते दोघं आता याच अर्ध्या तासात वर्षभराची क्रिकेटची भांडणं उरकतात.

याच मित्राचा एक किस्सा. पोपटी झाली की नाही हे बघायची साधी रीत आहे: मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र होऊन थेंब लगेच उडाले की झाली. मित्राने हे कुठंतरी वाचलं होतं. सासरे शाल आणायला घरात गेले, तेवढ्यात या पठ्ठ्याने पाण्याच्या बाटलीचं टोपण काढलं आणि अर्धी बाटली त्या लालबुंद मडक्यावर ओतली. टच्च असा आवाज झाला. मडक्याला वरून खालपर्यंत तडा गेला, एक खापर निखळलं आणि त्यातून एक अंडं घरंगळत येऊन निखाऱ्यात थांबलं. सगळे गप्प. सासरे शाल पांघरून आले, त्यांनी मडक्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आंघोळ घातलीत?” त्या वर्षी शेंगा जरा कचवट राहिल्या, कोंबडी घरात नेऊन तव्यावर पुरी करावी लागली, पण मित्र दरवर्षी येतो. त्याच्या हातात बाटली दिसली की पोरं आता ओरडून सांगतात.

मडकं काठीने बाहेर ओढून, गोणपाटाने धरून केळीच्या पानांवर रिकामं करतात त्या क्षणी जी वाफ येते तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. शेंग उचलायची, चटका बसतो, या हातातून त्या हातात करायची, टोकाशी चिमटीत धरून दातांनी दाणे ओढून घ्यायचे. दाणा खारट, पिठूळ, ओव्याचा. अंड्याच्या कवचाला पाल्याचा हिरवट डाग पडतो आणि आतल्या पांढऱ्यालाही तो वास लागलेला असतो. ताटं-वाट्या लागत नाहीत. बरोबर तांदळाची भाकरी असते, पण ती लहान मुलांसाठी आणि माझ्यासारख्या, भाकरीशिवाय जेवलो असं न वाटणाऱ्यांसाठी.

दोन वर्षांपूर्वी शेजारचं वलसाडकडचं गुजराती कुटुंब आमच्याबरोबर आलं होतं. आपण यांना काहीतरी अस्सल कोकणी दाखवतोय अशा थाटात मी होतो. मडकं पालथं घातल्यावर वहिनी म्हणाल्या, “अरे, हे तर आमचं उबाडियुं!” त्यांच्याकडेही पापडीच्या शेंगा, कंद, बटाटे रानपाल्यात घालून मडकं असंच पालथं भाजतात. उंधियुं हे नावसुद्धा ‘ऊंधुं’ म्हणजे उलटं यावरूनच आलंय. त्यांनी घरून आणलेली कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी काढली. सासूबाईंना आधी ती पसंत नव्हती, पोपटीला चटणी कशाला म्हणून. हल्ली त्या स्वतःच वाटतात आणि तो आपलाच शोध असल्यासारखं वागतात.

प्रवासाचं थोडक्यात. आम्ही कळंबोली, पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ असे गाडीने जातो. शनिवारी सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर पळस्प्यापासून पुढे तुमच्या मॉलचीच रांग चाकांवर भेटेल. मुंबईत राहत असाल तर बोटीने जा. गेटवेहून मांडव्याला प्रवासी बोटी आहेत, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडी आत घालून नेता येईल अशी रो-रो बोटही आहे, तासाभरात मांडवा. थंडीत बोटीमागे कुरव पक्षी लागतात. मुलांना ते एवढं आवडतं की पोहोचल्यावर समुद्र दाखवायची गरज राहत नाही. येताना पेणला पोहे-पापड घेतो, आणि फेब्रुवारीत गेलो असू तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या. त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नावाखाली कुठलेही पांढरे कांदे खपवले जातात. बारीक मानेचा, चवीला गोडसर, पातीनेच वेणी घातलेला असेल तर घ्या.

तुमची सासुरवाडी रायगडात नसेल, हे मला कळतं. मग ओळखीतला कोणीतरी पेण, रोहा, अलिबाग, उरण, पनवेलच्या बाजूचा निघतोच, जरा विचारून बघा. पॅकेज घेऊ नका. घ्यायचंच असेल तर आधी दोन प्रश्न विचारा: पाला भांबुर्ड्याचा आहे का, आणि मडकं आम्हाला भरायला द्याल का? दुसऱ्याला नाही म्हणाले तर तुम्ही परत त्याच हॉटेलात, फक्त छप्पर नसलेल्या. तुम्ही सोलापूर-नगरकडचे असाल तर हुरडा आहेच, तोही याच दिवसांत. आणि जाळ करताना सुक्या गवतापासून लांब करा, दोन बादल्या पाणी जवळ ठेवा. मित्रासाठी नव्हे, जाळासाठी.

माझ्या मुलीचा वाढदिवस जानेवारीत येतो. गेल्या वर्षी ती दहा वर्षांची झाली. तिच्या वर्गातल्या मुलींचे वाढदिवस मोठ्या हॉलमध्ये होतात, फुगे, जादूगार वगैरे, म्हणून आम्ही जरा घाबरतच तिला विचारलं. तिने सांगितलं, “पोपटीत करूया, पण माझं वेगळं छोटं मडकं पाहिजे.” सासऱ्यांनी पेणच्या बाजारातून तांब्याएवढं मडकं आणलं. तिने ते स्वतः भरलं, पाला, शेंगा, मीठ, ओवा, एक अंडं, मैत्रिणीसाठी एक बटाटा. आम्ही केक नेला होता, तो कापलाही, पण कोणी मनापासून खाल्ला नाही, सकाळी गाईच्या पुढ्यात गेला. तिचं मडकं मोठ्यांच्या आधी तयार झालं. तिने स्वतः बोटं बुडवून शिंतोडे मारले, अगदी चार थेंब, आणि मित्राकाकांकडे बघितलं.

यंदा आमचा शनिवार ठरलाय, संक्रांतीनंतरचा पहिला. मडकी तीन आलीत. सासऱ्यांचा काल फोन होता की बांधावर पाला चांगला माजलाय, पण शेंगा अजून आठ दिवस भरायला हव्यात, घाई करू नका.