‘आर’ म्हणजे नेमकं काय? निखारा आणि आर एकच का?

तुम्ही वाक्य दिलंय, ‘तिनं भाकरी आरावर शेकली’, आणि विचारलंय की आर म्हणजे निखाराच ना, आणि आज लिहिताना हा शब्द चालेल का.

एकच नव्हे. निखारा मोजता येतो. एक निखारा, चार निखारे. आर मोजता येत नाही. जाळ बसल्यावर चुलीत रसरसलेल्या निखाऱ्यांचा जो थर उरतो, तो आर. आमच्या कोल्हापूरकडं चुलीपुढं बसलेली बाई ‘आर पुढं ओढ’ म्हणते, तेव्हा तिला सगळा थर तोंडाशी हवा असतो. इंगळ हा मात्र निखाऱ्याचाच भाऊ, संस्कृत अंगार, प्राकृत इंगाल या वाटेनं आलेला. काही भागांत आराला ‘आहार’ म्हणतात. त्याचा पोटातल्या आहाराशी संबंध नाही. आणि बैल हाकायच्या काठीला, पराणीला, टोकाशी असते ती आर वेगळी. ती आर टोचते, तो आर भाजतो.

क्रम असा: जाळ, आर, फुफाटा, राख. फुफाटा म्हणजे वरून राख आणि आत विस्तव. पाय ठेवल्यावरच कळतो, म्हणून तर ‘आगीतून उठून फुफाट्यात’.

माझ्या लेखातला ‘आर’ खोडून एका संपादकांनी ‘आग’ केलं होतं. तेव्हापासून हा शब्द दिसला की मी गप्प बसत नाही. आगीवर भाकरी शेकत नाही, करपते. तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की भाकरी चुलीच्या तोंडाशी आरासमोर उभी करतात, तव्यावर पाणी लावलेली बाजू आराकडं. अर्ध्या मिनिटात टम्म फुगते, कारण थराची धग सगळ्या अंगाला सारखी लागते आणि आतल्या ओलाव्याची वाफ पापुद्रा उचलते. जाळासमोर धरली तर एका ठिकाणी काळा डाग, वर काजळी, आणि मधे कच्ची. फुगलीच नाही तर दोष दर वेळी आराचा नसतो. थापताना चीर पडली असेल तर वाफ तिथूनच निघून जाते.

आर कशाचा, हेही महत्त्वाचं. बाभळीचा आर तास-दीड तास टिकतो. शेणीचा, म्हणजे गोवरीचा, मंद, पण एकसारखा. उसाच्या चिपाडांचा जवळजवळ पडतच नाही. भडाभडा पेटतात आणि राख होतात. गुऱ्हाळाला तेच सोयीचं. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास आला की चुलवाणातला, म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलीतला, जाळ झटकन बसायला हवा. खाली दांडगा आर राहिला तर काहिल, म्हणजे पाकाची मोठी कढई, उतरेपर्यंत गूळ काळवंडतो.

वांगं भाजायचं तर आरावरची पांढरी राख फुंकून काढा. पाव किलोचं वांगं, दोन-तीन ठिकाणी सुरीनं टोचलेलं, तेलाचं बोट फिरवलेलं. न टोचता ठेवलंत तर फुटतं. तीन-चार मिनिटांनी फिरवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत देठाशी दाबून बघा, मऊ लागलं की झालं. गॅसच्या बर्नरवर साल जळते, पण देठाजवळचा गर कच्चा राहतो. तेच चालतं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. म्हणजे, घालतो.

रंगावरूनही आर ओळखतात. कुठलीही वस्तू साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद तांबडी दिसू लागते, मग लालभडक, मग नारिंगी. लोहार भट्टी सावलीत ठेवतो ती याचसाठी. उन्हात रंग फिका दिसतो, लोखंड अजून तापलं नाही असं वाटतं आणि कोयत्याचं पातं जास्त तापून वाया जातं. रंगावर भरवसा नसेल तर चुंबक लावून बघतात. ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला धरत नाही.

रात्री आर ‘दाबायचा’ असतो. वर दोन बोटं राख पसरली की हवा कमी मिळते आणि आतला विस्तव पहाटेपर्यंत टिकतो. सकाळी राख सारायची, शेणीचा तुकडा ठेवायचा, फुंकणी लावायची. राख पातळ पडली तर सकाळी नुसता पांढरा भुगा.

एक राहिलंच. आराला धूर नसतो, एवढ्यावर विसंबून थंडीत आराची शेगडी बंद खोलीत नेऊ नका. आरातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आणि हो, लिहिताना वापरा. कंसात ‘निखारे’ तेवढं लिहू नका.