अर्धा टँकर आणि घाट

पोरा,

टँकर हातात आला आणि तोही घाटाच्या लाइनीवर, असं कळलं. आता जरा ऐक. ट्रक येतो म्हणजे टँकर येतोच, असं धरून चालू नकोस. ट्रकातला माल दोरखंडाने आवळला की जागेवर बसतो. द्रव आवळता येत नाही. ब्रेक मारलास की तो पुढे धावतो, टाकीच्या तोंडावर आदळतो, मागे जातो आणि परत येतो. गाडी थांबली म्हणून तू पाय सैल करतोस आणि तेवढ्यात दुसरा धक्का बसतो. ओल्या रस्त्यावर थांबलेली गाडी पुढे सरकायला तेवढा पुरतो.

नवी मुलं भरलेल्या टँकरला घाबरतात. मी अर्ध्याला घाबरतो. अर्धी घागर जशी हिंदकळते तशी भरलेली हिंदकळत नाही. काठोकाठ तर कोणी भरतच नाही, कारण उन्हाने द्रव फुगतो. पेट्रोल दर 10 अंशांना साधारण 1 टक्का वाढतं. पण ती मोकळी जागा थोडी असते. अडचण होते ती एका ठिकाणी निम्मा माल उतरवून पुढच्या ठिकाणी निघताना, किंवा द्रवच जड असल्यावर. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, तीव्र गंधकाम्ल 1.8 किलोच्या. टाकीत जागा उरते, वजनाची मर्यादा मात्र संपलेली असते.

म्हणून निघण्याआधी तीन गोष्टी विचार: आत काय आहे, किती आहे आणि टाकीला आडवे पडदे आहेत का. भोकं असलेले हे पडदे पुढे-मागे धावणारी लाट मोडतात. बाजूला झुकणारी लाट ते अडवत नाहीत, हे बरेच जण विसरतात. दुधाच्या टाकीत तर धुण्याच्या सोयीसाठी पडदे बहुधा नसतातच. कप्पे असतील तर कुठला आधी रिकामा होतो तेही बघ. पुढचे रिकामे आणि मागचा भरलेला राहिला तर पुढची चाकं हलकी पडतात आणि चढावर स्टेअरिंग पोकळ लागतं.

आता उतार. 30 टनांची गाडी 500 मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात चारशे लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये ओतलीस तर ड्रम तापून फुगतो, लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक धरणारं अस्तर, त्याच्यापासून लांब पडतो, त्याची पकडही ढिली होते. पायाखाली पेडल आहे, ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा ठीक आहे आणि गाडी मात्र थांबत नाही. म्हणून बरीचशी ऊर्जा इंजिनावर सोपव. गिअर उताराच्या आधी पाड. वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर उतार तुझा राहत नाही. जुने लोक सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आताची इंजिनं ताकदीची, वरच्या गिअरमध्येही चढून जातात. तेव्हा त्याहून एक खालचाच घे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याच्या शेजारी बसूसुद्धा नकोस.

ब्रेक लावायचा तो ठाम आणि थोडा वेळ. उतारासाठी एक वेग मनाशी ठरव. काटा तिथे पोचला की ब्रेक दाबून ताशी आठ-दहा किलोमीटर कमी कर आणि पाय पूर्ण उचल. सतत पाय ठेवून उतरणाऱ्याचे ड्रम तापतातच. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून लगेच थांब, चाकाखाली ठोकळे लाव, ड्रम आपोआप निवू दे. वर पाणी मारू नकोस, तापलेला ड्रम तडकतो. रिटार्डर, म्हणजे चाकाचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग रोखणारं यंत्र, असेल तर उत्तम, पण निसरड्या रस्त्यावर, त्यातही रिकाम्या गाडीला, तो जपून वापर. मागची चाकं घसरतात.

वळणाचा वेग वळणाआधीच उतरला पाहिजे. तीसच्या जागी चाळीसने वळलास तर गाडीला बाहेर ढकलणारा जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो आणि टाकीतला द्रवही त्याच बाजूला चढतो. टाकीचं वजन आधीच उंचावर. वळणात ब्रेक मारलास तर लाट पुढेही जाते आणि बाहेरही. पाटीवरचा वेग काही टँकर डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला नसतो. त्याच्याही खाली राहा. मागे हॉर्न वाजतील, वाजू देत. चाक डांबराखाली उतरलंच तर स्टेअरिंग झटक्याने ओढू नकोस, वेग कमी करत हळू वर घे.

ब्रेक गेलेच आणि समोर बाजूला वाळू-खडीचा चढता फाटा दिसला, तर खाली सरळ रस्ता येईल या आशेवर पुढे जाऊ नकोस. सरळ आत घाल. गाडी रुतेल, ओढून काढायचा खर्च येईल, मालक ओरडेल. ओरडू दे.

घाटात जाण्याआधी मालकाकडे एक दिवस माग. टाकी साध्या पाण्याने अर्धी भर आणि मोकळ्या सपाट मैदानात अगदी हळू चालव. थांब, निघ, वळ. खुर्चीतून दुसरा धक्का किती वेळाने येतो ते पाठीला कळू दे. मग चतुर्थांश पाणी काढ आणि पुन्हा चालव. फरक जाणवला की कळव, पहिल्या फेरीला मी शेजारी बसतो.

तुझा उस्ताद